तुलाधाराचा तराजू आणि अण्णांचा रोटाव्हेटर



आजचं वाचन: महाभारत, शांतिपर्व, मोक्षधर्म. तुलाधार आणि जाजली यांचा संवाद.

आपल्या क्रमाने हा संवाद अजून आठ-दहा दिवसांनी आला असता. मी तो मधूनच उचललाय, कारण गेले दोन आठवडे डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. जुनी वस्तू विकली, पैसे घेतले, घेणारा ती घेऊन गेला. त्यानंतर त्या वस्तूचं जे काही होईल, त्याला विकणारा किती बांधील? कुठपर्यंत? प्रश्न ऐकायला कोर्टाचा वाटतो, पण मला तो सकाळच्या पूजेच्या वेळी छळतोय, म्हणून तो इथे.

आधी गोष्ट. भीष्म युधिष्ठिराला सांगतात ती.

जाजली नावाचा तपस्वी होता. रानात इतका निश्चल उभा राहिला की पक्ष्यांच्या एका जोडीने त्याच्या जटांमध्ये घरटं बांधलं. अंडी झाली, पिल्लं झाली, त्यांना पंख फुटले. सकाळी उडून जायची, संध्याकाळी परत यायची. हा हलला नाही. शेवटी ती गेली ती परत आलीच नाहीत, तेव्हा जाजलीने दंड थोपटले आणि आपल्याला धर्म साधला असं ओरडला. लगेच आकाशातून आवाज आला की, बाबा रे, तू काशीच्या तुलाधाराच्या पासंगालाही पुरत नाहीस, आणि तोसुद्धा असं बोलत नाही.

जाजली चिडून काशीला गेला. बघतो तर तुलाधार दुकानात बसून माल विकतोय. लाख, सुगंधी लाकडं, अत्तरं, नाना प्रकारचे रस. मद्य तेवढं विकत नाही. तो उठून जाजलीचं स्वागत करतो आणि स्वतःच्या धंद्याबद्दल सांगतो. त्यातली एक गोष्ट मी यावेळी पहिल्यांदा नीट वाचली. तुलाधार स्वतः काही बनवत नाही. दुसऱ्याच्या हातून घेतो आणि कपट न करता पुढे विकतो. मधला माणूस आहे तो. आणि त्याचा तराजू सगळ्यांसाठी सारखा आहे.

मधला माणूस. तिथे मी थांबलो, कारण मार्चमध्ये मीही तोच होतो.

आमचं गाव बार्शी तालुक्यात. अण्णा, म्हणजे माझे वडील, गेल्या वर्षी हृदयाच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे पुण्यात आले, आणि शेत वाट्याने द्यायचं ठरलं. मग ट्रॅक्टर आणि अवजारं ठेवून करायचं काय? पाडव्याच्या सुट्टीत मी एकटा गावी गेलो आणि एकेक काढत गेलो. ट्रॅक्टर नात्यातल्या एकाने घेतला. सहा फुटी रोटाव्हेटर घेतला परांड्याकडच्या एका पोराने. पंचवीस-सव्वीसचा असेल. नुकता बापाच्या माघारी शेती बघायला लागलेला.

आता शहरातल्या मंडळींसाठी थोडं सांगतो. रोटाव्हेटर (गावाकडे सगळे रोटरच म्हणतात) ट्रॅक्टरच्या मागे जोडतात. ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट, त्याला पीटीओ म्हणतात, मिनिटाला ५४० फेरे फिरतो. ती गती वरच्या गिअर बॉक्समधून बाजूच्या गिअर केसमध्ये उतरते आणि तिथून खाली पात्यांच्या दांड्याला मिळते. पाती माती कापून भुसभुशीत करतात. बाजूची ती गिअर केस नव्वद नंबरच्या ऑईलमध्ये बुडलेली असावी लागते. खाली मातीजवळ एक ऑईल सील असतं. रानातली तार, सुतळी, काडीकचरा दांड्याला गुंडाळला की तो ते सील खातो. मग ऑईल थेंब थेंब गळायला लागतं.

आमच्या रोटरचं सील असंच खाल्लं गेलं होतं. अण्णांना माहीत होतं. ते दुरुस्त करायला दांडा उतरवावा लागतो, तो खटाटोप दोन वर्षं लांबत गेला. त्याऐवजी अण्णांनी सवय लावून घेतली होती. कामाच्या दिवशी सकाळी मशीन सपाट जागी टेकवायचं, बाजूचा प्लग उघडून बघायचं, कमी असेल तेवढं ऑईल घालायचं. त्यासाठी एक जुनी बाटली शेडमध्ये खिळ्याला टांगलेली असायची. एवढं केलं की मशीन अजून पाच वर्षंही चालली असती. हे मला माहीत होतं. लहानपणापासून नाही, पण गेल्या दिवाळीत ते करताना मी शेजारी उभा होतो.

पोरगा आला, त्याने ट्रॅक्टरला जोडून मशीन उचलून बघितली, दहा मिनिटं फिरवली. पाती बघितली. मग मला विचारलं, "दादा, काय काम निघत नाही ना ह्याचं?"

मी म्हणालो, "अण्णांनी स्वतः चालवलाय. दुसऱ्याच्या हातात कधी दिला नाही. तुम्ही बघून घ्या की."

यातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. मी हे इतक्या वेळा मनात उगाळलंय की मला ते पाठ झालंय. अण्णांनी स्वतः चालवला होता. दुसऱ्याला दिला नव्हता. आणि बघून घेण्यापासून मी त्याला अडवलं नव्हतं.

ऑईलचं मला त्या क्षणी आठवलं नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. आठवलं होतं. खिळ्याला टांगलेली बाटली मला समोर दिसत होती. पण सौदा अजून ठरायचा होता. तो अठ्ठेचाळीस म्हणत होता, मी पंचावन्न. सीलचं बोललो असतो तर त्याने आणखी चार-पाच हजार तोडले असते. बावन्नला ठरलं. मंडळी, चार-पाच हजार ही रक्कम माझ्यासाठी काय आहे हे तुम्हाला कळतं. आपण शनिवार-रविवारी बाहेर जेवून तेवढे घालवतो. मला पैसे नको होते. गावात मला सगळे पुण्याचा इंजिनिअर म्हणतात, आणि पुण्याच्या इंजिनिअरला व्यवहार कळत नाही असंही म्हणतात. मला तिथे हरायचं नव्हतं, एवढंच. लोभ पैशाचाच असतो असं आपण धरून चालतो, पण कधी कधी तो असा विचित्र असतो.

त्याच संध्याकाळी अण्णांचा फोन आला. किती आले वगैरे विचारलं नाही. पहिला प्रश्न, "त्याला ऑईलचं सांगितलंस ना?"

"हो हो, सांगितलं," मी म्हणालो.

जूनमध्ये परांड्याकडे पहिला पाऊस पडून गेला, रानात वापसा आला. पोराने सोयाबीनसाठी रान तयार करायला घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना त्याचा फोन. "दादा, रोटर बसला ओ. साइडनं आवाज आला अन् धूर निघाला. अर्ध्या रानात उभा हाय."

मी सावध झालो. मनात वाक्यं जुळवायला लागलो: तुम्ही बघून घेतला होता, जुनी वस्तू आहे, तीन महिने झाले. त्यातलं एकही वाक्य वापरायची वेळ त्याने येऊ दिली नाही. तो म्हणाला, "तुम्हाला काय म्हणायचं नाही. ऑईल नेमकं कुठंकुठं टाकायचं असतं, तेवढं अण्णांना विचारून सांगता का?"

तो भांडला असता तर सोपं गेलं असतं.

मी आधी चुलतभावांच्या ग्रुपवर टाकलं. तिथे एकमत होतं. जुन्या वस्तूला गॅरंटी नसते. त्याने चालवून बघितला होता. किंमत जुन्याची घेतली, नव्याची नाही. आज गिअर म्हणतोय, उद्या पातं तुटलं तरी फोन करेल. एक जण म्हणाला ते मला नुसती पळवाट वाटत नाही. तो म्हणाला, "अरे, विक्रीला शेवट पाहिजे की नको? विकल्यावरही वस्तू आपल्याच गळ्यात राहणार असेल तर कोण कुणाला काही विकेल?" बरोबरच आहे. गावाकडची निम्मी शेती जुन्या यंत्रांवर चालते. विकणाऱ्याला जन्मभर धास्ती राहिली तर तो मशीन शेडमध्ये गंजू देईल, आणि ज्याला नवं परवडत नाही त्याचंच नुकसान होईल.

मग मी कायदा वाचला. इंजिनिअर माणूस, डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय बरं वाटत नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा आहे. त्याच्या कलम १७ मध्ये फसवणूक कशाला म्हणायचं ते सांगितलंय आणि खाली घोड्याची उदाहरणं दिलीत. घोड्यात खोट आहे हे माहीत असून एकाने तो लिलावात विकला, काही बोलला नाही. ही फसवणूक नाही. घेणारी त्याचीच नुकती सज्ञान झालेली मुलगी असेल, तर नात्यामुळे सांगणं त्याच्यावर येतं. आणि घेणारा म्हणाला की तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला असं मी समजेन, आणि तरी विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प बसणं बोलण्याइतकंच धरायचं.

मी मला कुठे बसवू? पोराने विचारलं होतं. मी गप्प बसलो नाही, उलट बोललो, आणि त्या बोलण्यानेच गप्प बसलो. वकील काय म्हणेल ते म्हणेल. पण वाचताना मला जाणवलं की मी कलमात स्वतःसाठी फट शोधतोय. ज्याला फट शोधावी लागते त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

गंमत बघा, ट्रॅक्टरच्या बाबतीत मी किती दक्ष होतो. फॉर्म २९, फॉर्म ३०, सह्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने आरटीओला १४ दिवसांत कळवायचं, ते सगळं केलं. घेणाऱ्या नातेवाइकाच्या मागे लागलो की नाव लवकर चढवून घे. कारण आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक, आणि अपघात झाला तर भरपाई त्याच्याकडे मागतात. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. माझ्या अंगावर काही येऊ नये म्हणून मी विक्रीनंतरची जबाबदारी महिनाभर सांभाळली. रोटरला आरसी नाही, नंबर प्लेट नाही, कुणाचं नाव नाही. तिथे माझी जबाबदारी पैसे मोजून होताच संपली. म्हणजे जबाबदारी कळत नव्हती असं नाही. ती माझ्याकडे बोट दाखवेल की नाही, एवढंच मी बघत होतो.

कलम सतरा वाचल्यावर गीतेचा सतरावा अध्याय काढला. योगायोग, पण कामाचा. तिथे वाणीचं तप सांगितलंय. बोलणं ऐकणाऱ्याला डिवचणारं नसावं, खरं असावं, प्रिय असावं आणि हिताचं असावं. आजवर मी ‘खरं आणि प्रिय’ यांच्या ओढाताणीवर विचार करायचो, आपण सगळेच करतो. हिताकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. शेडमध्ये मी बोललो ते खरं होतं. पोराला ऐकायला गोडही वाटलं, अण्णांचं नाव ऐकून त्याने मान डोलावली. फक्त त्यात त्याच्या हिताचं काही नव्हतं, आणि मी ते मुद्दाम तसं रचलं होतं. खोटं बोललो असतो तर निदान ते खोटं आहे हे मला लगेच कळलं असतं.

आपण ऑफिसात प्रोजेक्ट सोडताना केटी देतो. कोणता सर्व्हर मधूनच बसतो, कोणतं बटण दाबायचं नाही, नोन इश्यूज काय आहेत. कोड दिला आणि केटी दिली नाही, तर ते काम पूर्ण सोपवलं असं कुणी मानत नाही. अण्णांच्या मशीनमध्ये लोखंड होतं आणि त्या लोखंडाबद्दलची अण्णांची माहिती होती. दोन्ही मिळून ती चालत होती. मी बावन्न हजाराला लोखंड दिलं आणि माहिती स्वतःकडे ठेवली, जिचा मला काडीचा उपयोग नाही. आणि ती माहिती माझी तरी कुठे होती? अण्णांची होती. तुलाधारासारखा मी मधला होतो, दुसऱ्याच्या हातून घेऊन पुढे द्यायचं एवढंच काम होतं, आणि मी अर्धं मधेच ठेवून घेतलं.

तेव्हा चुलतभावाच्या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. विक्रीला शेवट असतो. मशीनचं पुढे जे होईल ते माझं नाही. मला माहीत नसलेली खोट निघाली तर वाईट वाटेल, जमेल तेवढी मदत करीन, पण ते माझं देणं नाही. मला जे माहीत होतं आणि मी सांगितलं नाही, त्याची विक्री मात्र अजून झालेलीच नाही. ते माझ्याकडेच पडून आहे. तीन महिने झाले म्हणून ते जुनं होत नाही.

आता अण्णांना सांगणं आलं. अण्णा गॅलरीत बसले होते. मी म्हणालो, रोटर बसला. ते म्हणाले, "ऑईल घातलं नसंल त्यानं. तू सांगितलं होतंस ना?" म्हणजे मला दुसरी संधी मिळाली होती, आणि एक क्षण, खरंच सांगतो, पुन्हा ‘हो’ म्हणावंसं वाटलं. मी म्हणालो, "नाही अण्णा. तेव्हा तुम्हाला खोटं सांगितलं."

ते बराच वेळ खाली रस्त्याकडे बघत बसले. मी पैशाचं बोलायला लागलो. सगळे बावन्न परत देतो, मशीन परत आणतो, किंवा दुरुस्तीचं बिल मी भरतो. अण्णा म्हणाले, "पैसे राहू दे. वापसा किती दिवसांचा असतो? आधी त्याचं रान कर."

हे मला सुचलंच नव्हतं. मी हिशेब रुपयांत करत होतो आणि त्या पोराचं नुकसान दिवसांत होत होतं. पुन्हा मोठा पाऊस झाला असता तर चिखलात आठवडाभर मशीन घालता आली नसती. पेरणी मागे गेली की पुढचं सगळं मागे जातं, आणि त्याचं बिल कुठलाच मेकॅनिक देत नाही. अण्णांनी त्यांच्या ओळखीतल्या एकाला फोन लावला, दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याचा ट्रॅक्टर रोटरसकट पोराच्या रानात उभा. एकरी बाराशे, उरलेले चार एकर. ते मी दिले. त्यावर वाद नव्हता.

वाद झाला दुरुस्तीच्या बिलावर. मेकॅनिकने साइड उघडली तर आत ऑईलचा थेंब नाही, दोन गिअर तापून निळे पडलेले, बेअरिंग गेलेलं. तीन पातीही वाकलेली, कारण पोराने मुरमाच्या कडेने दगडावर मशीन घातली होती. सगळं मिळून तेरा हजार चारशे. मी म्हणालो, सगळे मी देतो, विषय संपवू. अण्णा एकदम तापले. "विषय तुझा संपंल. त्याचं काय? ऑईल बघायचं काम त्याचं बी हाय. सगळं तू दिलंस तर तो काय शिकला? आणि त्याला फुकट्या करून ठेवशील वर."

मग अण्णांनीच फोनवर त्याच्याशी बोलून वाटणी केली. पाती आणि त्यांची मजुरी पोराची. गिअर, बेअरिंग, सील आणि उघडण्याची मजुरी माझी. पोरगा आधी ‘नको नको’ म्हणाला, पाती वेगळी काढल्यावर लगेच ‘हां’ म्हणाला. आवाज मोकळा झाला होता त्याचा. सगळं मी दिलं असतं तर तो असा बोलला असता का, शंका आहे.

त्यावरून तुकोबांची खतांची गोष्ट आठवली. दुष्काळात सगळं गेल्यावर तुकोबांनी लोकांकडच्या येण्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, हे आपण सगळे लहानपणापासून ऐकतो. त्याआधी त्यांनी खतांचे दोन वाटे केले, एक भाऊ कान्होबाचा, एक स्वतःचा, आणि बुडवला तो फक्त स्वतःचा वाटा. सांगताना बहुतेक जण हा भाग पटकन उरकतात, मीही उरकायचो. आता मला तोच गोष्टीचा कणा वाटतो. सगळंच बुडवणं जास्त भव्य दिसलं असतं. पण त्यात दुसऱ्याचा वाटा होता. आपला वाटा नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे मोजल्याशिवाय त्याग केला तर तो बेशिस्तपणाच. मला तेरा हजार चारशे द्यायचे होते ते पोरासाठी नाही, मला हलकं वाटावं म्हणून. जाजलीसारखे दंड थोपटायचे होते. हे लिहितानाही डोक्यावर एखादं घरटं आहे का, हे मी चाचपून बघतोय.

इथे थांबता आलं असतं. पण तुलाधार अजून एक गोष्ट बोलतो, ती मला सोडत नाही. लोक शेतीला चांगलं म्हणतात, पण लोखंडी तोंडाचं लाकूड जमिनीला आणि जमिनीतल्या जिवांना मारतं, असं तो जाजलीला सांगतो. शेतकऱ्याच्या पोराला हे वाचून राग येतो. धान्य कुठून येणार, बाबा? जाजलीलाही असाच प्रश्न पडतो. मी त्या वादात आज पडत नाही. पण तुलाधार विचार करताना कुणाकुणाला मोजतो ते बघा. विकणारा आणि घेणारा हे दोघं तर आहेतच. मातीत राहणारे, सौद्यात ज्यांचं नाव नाही, ज्यांना कुणी विचारलं नाही, तेही त्याच्या तराजूत आहेत.

आणि तेव्हा मला पीटीओ शाफ्टचं कव्हर आठवलं.

शाफ्टवर प्लॅस्टिकचं एक आवरण असतं, फिरत्या भागात कपडा अडकू नये म्हणून. आमचं चार-पाच वर्षांपूर्वी तडकलं, मग काढून टाकलं. गावात दहातल्या आठ जणांकडे ते नसतंच. मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उपरण्याचं टोक, सदऱ्याची बाही, साडीचा पदर, काहीही सापडलं तर माणसाला हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. अशा गोष्टी आमच्या भागात प्रत्येकाला एक तरी माहीत आहे.

ही खोट मी लपवली नव्हती. ती उघड दिसत होती, पोराने बघूनच मशीन नेली. कायद्याने, व्यवहाराने, चुलतभावांच्या ग्रुपने, सगळ्यांच्या मते मी मोकळा. माझ्या वरच्या उत्तरानेही मोकळाच, कारण जे दिसतं ते सांगायचं काय? पण पोरगा काही एकटा शेतात नसतो. मागे बियाणं घेऊन उभी असलेली त्याची आई असते, रोजाने आलेला गडी असतो, डबा घेऊन येणारं लहान पोर असतं. त्यांनी मशीन बघून घेतली नव्हती. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांचं मी काय देणं लागतो, हे मला अजून नीट मांडता आलेलं नाही. गुन्हा केलाय असं वाटत नाही. मोकळा आहे असंही वाटत नाही. अण्णांना विचारलं तर ते म्हणाले, "आपण वापरायचो तेव्हा तरी कुठं व्हतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्या वेळी बी पाहिजे व्हतं खरं."

परवा अण्णा पोराशी फोनवर चाळीस मिनिटं बोलले. प्लग कुठला, बाटली किती लागते, ओल्या रानात कितव्या गिअरला चालवायचा, तार गुंडाळली तर मशीन बंद करून, किल्ली काढून, मगच खाली हात घालायचा. मी शेजारी बसून ऐकत होतो. निम्मं मला माहीत नव्हतं. पोरगा आता मला फोन करत नाही, थेट अण्णांना करतो. कुठल्याशा पेरणी यंत्राचा सौदा बघतोय, आणि समोरच्याला काय काय विचारायचं ते अण्णा त्याला सांगतायत.

शाफ्टचं नवं कव्हर मी पुण्यात मार्केट यार्डजवळ घेतलं. मापाचं मिळेपर्यंत तीन दुकानं फिरलो. गेले चार दिवस ते गाडीच्या डिकीत आहे. कुरियर करणार होतो, पण अण्णा म्हणाले की ते बसवताना साखळी नीट अडकवली नाही तर कव्हरही शाफ्टबरोबर फिरतं, मग असून नसल्यासारखं. त्यामुळे उद्या रविवारी आम्ही दोघं पहाटे चारला निघतोय. उद्याचं चिंतन संध्याकाळी येईल.

राम कृष्ण हरी.